बिबवेवाडी ते कसबा पेठ, दोन डोळ्यांसाठी

सहा किलोमीटरच्या प्रवासाचं कसलं वर्णन, असं ज्यांना वाटतं त्यांनी सकाळी दहाला स्वारगेटचा चौक ओलांडून दाखवावा.

मी पोर्ट्रेट करतो. माझ्या चित्रांतली माणसं खाली बघतात, झोपतात, नाहीतर त्यांच्या चष्म्यावर ऊन पडलेलं असतं. लोक याला माझी शैली म्हणतात. मला डोळे जमत नाहीत, एवढंच. बाबा गेल्यावर आईने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे चित्र मागितलं, बाबांचं, समोर बघणारं. आठ महिने ते डोळ्यांवाचून पडून होतं. आई चहा घेऊन यायची, बघायची आणि ‘अजून उठले नाहीत वाटतं’ म्हणून जायची. शेवटी कसब्यातल्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणीची, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायची, तीन दिवसांची कार्यशाळा आहे असं कळलं आणि लाज गुंडाळून नाव दिलं.

जाणाऱ्यांसाठी: स्वारगेटपर्यंत बस, पुढे मेट्रो, मग पायी. गाडी नेऊ नका, ती लावायला परत बिबवेवाडीला यावं लागेल. फी अडीच हजार, त्यात दुपारचं पिठलं-भाकरी. पिठलं उत्तम.

शिकवायला सुलभाताई होत्या. चाळीस वर्षं त्यांनी फक्त डोळे काढलेत. माझी वीस वर्षांची प्रदर्शनं मी सांगितली. ‘असू दे,’ म्हणाल्या आणि पाटीवर डोळे गिरवायला बसवलं. संध्याकाळपर्यंत दीडेकशे झाले. त्यांतले दोन त्यांनी पुसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मूर्ती हातात आली. माझा गणपती रिक्षा शोधत असल्यासारखा दिसत होता. सुलभाताईंनी मला मूर्तीपुढे जमिनीवर बसवलं. म्हणाल्या, मूर्ती पाटावर, माणूस खाली. समोर कोण बसणार ते आधी ठरवायचं, मग कुंचला उचलायचा. मी बाबांच्या चित्राचं सांगितलं. ते कुठे लावणार, असं त्यांनी विचारलं.

‘जेवणाच्या टेबलापाशी. आईच्या खुर्चीसमोर.’

‘मग त्या खुर्चीत बसून बघा की. उभ्याने काय काढताय?’

आठ महिने मी बाबांचे डोळे आठवत होतो. ते कोणाकडे बघणार, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सराव, आणि त्याआधी मिसळ, नव्वद रुपये. जास्तीची तर्री मागितली तर देतात, पण बघतात.

रविवारी चित्र भिंतीवर टांगलं. आईच्या खुर्चीत बसायचं, उठून एक रेघ द्यायची, परत बसायचं. दुपारपर्यंत कंबर गेली, पण दोन्ही डोळे झाले. आईला बोलावलं. ती चष्मा लावून खुर्चीत बसली. मी घाबरलो होतो.

‘हे माझ्याकडे असे कधी बघायचे नाहीत,’ ती म्हणाली.

बदलतो, म्हणालो.

‘हात लावू नकोस.’

पाटीवरचा सराव चालू आहे, आणि माझी शैली संपली असं एकदोघांनी हळहळून कळवलंय. आईला हल्ली जेवायला पाऊण तास लागतो. पूर्वी दहा मिनिटांत उठायची.