दादाच्या कुत्रीला भाकर घालू नका

मागच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर एक लाख ऐंशी हजारांचा व्यवहार ठरला. हजर चौघे : साखरेच्या आजारात दृष्टी गेलेला माझा थोरला भाऊ, वहिनी, मी आणि पुण्याहून आलेला श्वानप्रशिक्षक. कुत्रीची किंमत, आठ महिन्यांचं खाणं, लसी, शिकवणी आणि शेवटचा आठवडा आमच्या गावात, असं सगळं त्यात धरलं होतं. दीड लाख मी लगेच दिले. उरलेले तीस हजार दादा एकटा दूध डेअरीपर्यंत जाऊन आला की द्यायचे. न जमल्यास कुत्री परत आणि निम्मे पैसे परत.

दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायची दादाला लाज वाटे. म्हणून दोन वर्षं त्याने घराबाहेर पडणंच सोडलं होतं.

भाद्रपदात कुत्री आली. गावची कुत्री दोन दिवस भुंकून गप्प झाली. अडचण निघाली ती माणसांचीच. आमच्या गल्लीत शेवटची भाकर कुत्र्याची असते. त्यात ही आंधळ्याला वाट दाखवणारी, म्हणजे पुण्य जास्त. तिसऱ्या दिवशी ती दर दाराशी थांबू लागली आणि दादा गटारात पडला.

प्रशिक्षक म्हणाला, कुत्रीला शिकवता येतं, गल्लीला कसं शिकवणार? दोन दिवस बघतो, नाहीतर घेऊन जातो. पंचाहत्तर हजार बुडाले, हे माझ्या मनात आधी आलं.

संध्याकाळी दादाने आपणहून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घरोघर गेला. समोरच्या काकूंना म्हणाला, "काकू, हिला भाकर घातली की मी पडतो. पुण्यच पायजे तर मला चहा पाजा."

"तुझ्या बिनसाखरेच्या चहाचं कसलं आलंय पुण्य," काकू म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी दार लावून घेऊ लागल्या. बाकीच्यांनीही हात आवरला.

सहाव्या दिवशी दादा एकटा निघाला. आम्ही ओसरीवरच थांबलो. वहिनी चूल पेटवायचं विसरली. अर्ध्या तासाने कुत्रीच्या पट्ट्याचा आवाज आला, मागोमाग दादाचा : "डेअरीवाला म्हनतो, लई दिवसांनी आलास."

वहिनी चूल पेटवायला उठली.

तीस हजार रोख दादाने स्वतः प्रशिक्षकाच्या हातात दिले. चौसाळ्याच्या स्टँडवर पुण्याच्या एसटीचं तिकीट मी काढून दिलं, ते वेगळं.