कीड न लागणारं झाड

गल्लीत त्यांना सगळे नर्सबाईच म्हणत. तीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात काढून त्या निवृत्त झाल्या आणि गल्लीच्या टोकाचं तळमजल्याचं घर घेतलं, ते मागच्या अंगणातल्या अकरा गुलाबांवर भाळूनच.

गुलाब कसले, पेशंटच होते. कळ्यांवर हिरवा मावा, कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी, खालच्या पानांवर काळे ठिपके. बाईंनी बाह्या सरसावल्या. साबणाच्या पाण्याची फवारणी केली, ठिपक्यांची पानं वेचून पिशवीत बंद केली. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटनं पुसायची, ही वॉर्डातली सवय. हळूहळू दहा झाडं सावरली.

अकरावं, भिंतीलगतचं, कधी आजारीच पडलं नव्हतं. गडद लाल फुलं, एका पानाला भोक नाही. बाईंना आधी कौतुक वाटलं. मग एका भर दुपारी त्या भिंग घेऊन त्याच्यासमोर बसल्या. मुंग्यांची रांग यायची, झाडापासून वीतभर अंतरावर थबकायची आणि वळून जायची. एक मधमाशी फुलात शिरली, बाहेर आली आणि टपकन खाली पडली. तिथं आधीच सात-आठ पडल्या होत्या, पाय पोटाशी घेऊन वाळलेल्या.

तेवढ्यात राहायला आलेली धाकटी बहीण फूल तोडायला वाकली.

"हात लावू नकोस!"

"अगं ताई, गुलाब आहे, साप नाही!"

"झाडावर मुंगी चढत नाही, आणि माझ्या बोटांना मात्र आठ दिवस मुंग्या येतायत."

बहिणीचा हात तसाच मागे आला.

शेजारच्या घड्याळवाल्यांना विचारलं, तर त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाले, "आधीचा भाडेकरू कीटकनाशकांच्या गोदामात होता. बायकोनं लावलेलं झाड ते. ती गेली, मग दिवसभर तिथंच बसायचा. म्हणायचा, हिला आता काही होऊ देणार नाही."

"हिला?"

"हिलाच म्हणायचा, बाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि खणायला घेतलं. मातीत एक गांडूळ नव्हतं. मुळांनी एक गंजका डबा घट्ट कवटाळला होता. त्याखाली आणखी चार. लेबलं कुजली होती, कवटीची चित्रं तेवढी शाबूत.

नगरपालिकेची माणसं येऊन डबे, माती, झाड, सगळं घेऊन गेली. त्याआधी बाईंनी एक फांदी कापून बहिणीला दिली होती, नव्या मातीत लावायला. का दिली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बोटं सुधारली, पण डाव्या हाताची दोन बधिरच राहिली.

चार महिन्यांनी बहिणीचा फोन आला. "ताई, घोटाळा झाला बघ. तुझ्या फांदीवर मावा पडलाय. फवारू का?"

बाई खुर्चीत बसल्या. "खूप आहे?"

"नुसता बुजबुजलाय गं."

"राहू दे दोन दिवस," बाई म्हणाल्या. "खाऊ दे त्यांना."