डिरेक्टिव्हला हाक मारताना

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मिलिंददादालाच शिव्या घालत होते. पुसदच्या एका शिकवणी वर्गाची वेबसाइट आम्ही दोघं करत होतो आणि त्याने लिहिलेलं डिरेक्टिव्ह माझ्या कंपोनंटचं ऐकत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "शुभांगी, तुझे दादा राह्यले नाही..." मी म्हटलं, "पाच मिनिटांत करते फोन," आणि ठेवून दिला. असं कसं केलं मी, अजून समजत नाही.

कंपोनंट म्हणजे अख्खं पान, आणि डिरेक्टिव्ह म्हणजे त्यातल्या एखाद्या रकान्याला चिकटवलेली वागणूक. प्रवेशाच्या अर्जात मुलाने मोबाइल नंबर चुकवला की दादाचं डिरेक्टिव्ह कर्सर तिथं नेऊन ठेवणार होतं. 'आता ने' एवढंच माझ्या पानाने त्याला सांगायचं. पण हाक मारावी तर समोर कोणी नाहीच... स्क्रीनवर नुसतं 'अनडिफाइंड'.

यवतमाळात बसस्थानकामागच्या आमच्या खोलीत अशा वेळी तो खुर्ची ओढून यायचा. "आधी पान उभं राहू दे, मंग हाक मार. घर बांधायच्या आधीच कडी वाजवून राह्यली तू." काही बिघडलं की तो निवांत असायचा आणि चाललं की अस्वस्थ. "चाललं? काहून चाललं?" कारण सांगता आलं नाही, तर चालतं काम परत मोडायला लावायचा. लई डोकं खायचा.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून परतले, तर वर्गाच्या सरांचा फोन. सोमवारपर्यंत झालं नाही तर हे सगळं काढून नागपूरहून नवीन करून घेणार. म्हणजे दादाचं शेवटचं काम पुसलं जाणार. मी घाईघाईने हाक मारायची ओळ खाली नेली, रकाना कधी दिसावा ही अट काढली, हाक मारायचं नाव बदललं... आणि कर्सर टुणकन चुकलेल्या नंबरावर. रडूच आलं मला.

सर खूश आहेत. पण नेमकं कशाने चाललं? सगळे बदल मी एकदमच केले होते. आणि सुपारीचं खांडही न खाणारा चाळिशीतला माणूस सकाळी आंघोळीला गेला तो गेलाच, हे तरी काहून? डॉक्टरांनी समजावलं, वहिनींनीही सांगितलं. डोक्यात शिरत नाही. सगळे म्हणतात, झालं ना काम, सोड आता. मी रोज त्या खोलीत बसून एकेक बदल मागे फिरवून पाहते. दोन्हीतलं एक तरी 'काहून' मला कळायला पाहिजे.