पडल्याशिवाय दवाखाना नाही

ओल्या रंगाचा तो उग्र, किंचित गोडसर वास नाकाशी आला की मला हमरापूरचा, अक्काच्या सासरचा गणपतींचा कारखाना आठवतो. रांगेने बसलेल्या, अजून डोळे न उमटलेल्या मूर्ती, आणि त्यांच्यामधून येणारा माझ्या थोरल्या बहिणीचा खोकला. केवढा निष्ठावंत खोकला! दिवाळीला होता, शिमग्याला होता, आणि उन्हं तापली तरी तिथेच ठाण मांडून होता.

मी रोह्याहून दर खेपेला जायची आणि दर खेपेला तेच पुराण लावायची, की बाई, डॉक्टरला दाखव. तिचं उत्तरही ठरलेलं, "धूळ हाय गो ती मातीची. हंगाम सरू दे." ज्या घरात वर्षभर गणपती घडतात, त्या घरात हंगाम सरतो तरी कधी? आणि माझी बहीण एवढी डोळस, की मूर्तीच्या बुबुळातला केसाएवढा फरक तिला दारातून दिसावा. स्वतःच्या अंगावर सैल झालेलं पोलकं मात्र दिसू नये! संताप येतो तो याचाच.

डोळ्यांची आखणी झाली की मागे मागे सरायचं आणि मूर्तीची नजर आपल्याला भेटते का ते पाहायचं, ही त्यांच्या कामाची रीत. मान वळवायची नाही, नजर तुटते. त्या दिवशी मूर्ती मोठी होती, म्हणून अक्का नेहमीपेक्षा जास्त मागे सरली आणि ओटीवरून थेट अंगणात पडली. खांद्याजवळचं हाड मोडलं.

खोकल्यासाठी जी बाई उंबरा ओलांडेना, ती हाडासाठी लगोलग पेणला पोचली. खांद्याच्या एक्स-रेत फुप्फुसाचं टोकही आलं, आणि त्या टोकाशी डाग. थुंकी तपासली, क्षय निघाला. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. भीतीने की रागाने, ते मला अजून सांगता येत नाही.

आणि घरी? आनंदीआनंद! "बाप्पानंच ढकलली!" म्हणत पेढे वाटले. त्या पडण्याचे उपकार मीही मानते. त्यामुळेच माझी बहीण मला राहिली. पण हे कसलं शहाणपण, की मोडलेलं हाड तेवढा आजार, आणि आतून पोखरतं ती नुसती धूळ? देहाने सांगावं तरी किती मोठ्याने?

आता अक्काचा खांदा जुळलाय, गोळ्या चालू आहेत, अंग भरतंय. परवा गेले तर तिच्या जागी तिची धाकटी जाऊ सुनंदा डोळे आखत होती. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; बाकीचे जाऊन आले, ही तेवढी राहिली होती. आखता आखता तिने ब्रश बाजूला धरला, पदरात तोंड घातलं आणि बराच वेळ खोकली. मी तोंड उघडायच्या आत हसून म्हणाली, "माझ्याकडं काय बघता ताई? मी कुटं पडलेय?"

मला हसू आलं नाही. अक्काही हसली नाही. ती उठली आणि तिने सुनंदाच्या हातातला ब्रश काढून घेतला. मूर्तीचा दुसरा डोळा अर्धाच झाला होता, आणि अर्ध्या डोळ्यावरून त्या घरात कधी कुणी उठत नाही.

"ऱ्हाऊ दे तो," अक्का म्हणाली. "चप्पल घाल गो."