उन्हाच्या बाई

बाई कुणाच्याही घरी बाग लावायला गेल्या की आधी एक खुर्ची मागायच्या. ती गॅलरीच्या दाराशी ठेवायच्या, पर्समधून खडूचा तुकडा काढायच्या आणि संध्याकाळपर्यंत तिथे बसून राहायच्या. फरशीवर ऊन आलं की त्याच्या कडेने खडूची रेघ. ते सरकलं की थोड्या वेळाने दुसरी रेघ. दिवस मावळेपर्यंत फरशीवर एकात एक अडकलेले तिरके चौकोन तयार व्हायचे. मग त्या चौकोनांकडे बोट दाखवून बाई सांगायच्या, "इथे गुलाब. इथे तुळस. आणि इथे काही लावू नका, इथे तुम्ही बसा."

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा मी यादी तयार ठेवली होती. मोगरा, टोमॅटो, कढीपत्ता, कुंड्यांची मापं, माती कुठून आणायची, सगळं. अर्ध्या तासात काम उरकेल आणि मग बाजारात जाता येईल, असा माझा हिशेब. बाईंनी यादी वाचली, चांगली आहे म्हणाल्या आणि चहाच्या कपाखाली ठेवून दिली.

"गॅलरी पश्चिमेला ना तुझी? मग दुपारपर्यंत निवांत. तू तुझी कामं कर."

कामं केली मी. पण घरात कुणी असं स्वस्थ बसलेलं असलं की आपली घाई आपल्यालाच ऐकू यायला लागते. जेवणानंतर मीही एक खुर्ची ओढली. ऊन आलं ते आधी कठड्यावर, मग उंबऱ्याशी, मग हळूहळू आत, पाहुण्याने चपला काढून यावं तसं. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे ते गेलं आणि खोली एकदम जुन्या फोटोसारखी झाली. थोड्या वेळाने टाकीच्या दुसऱ्या बाजूने परत आलं. त्या घरात मी किती वर्षं राहत होते, पण दुपारी तीन वाजता ते कसं दिसतं ते मला त्या दिवशी कळलं. बाई मध्येच म्हणाल्या, "यादीतला टोमॅटो खोडून टाक. टाकी त्याला जगू देणार नाही."

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला आमच्या जुन्या चार मजली इमारती आहेत. तिथल्या बागमंडळाची मी सेक्रेटरी. महिन्यातून एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यान. खुर्च्या कोण लावणार, चहा कुणाकडून, पुढच्या वेळी विषय कोणता, हे माझं खातं. बोलायचं खातं बाईंचं. त्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांना पडदा, प्रोजेक्टर काही लागायचं नाही. त्या उलट हॉलमधल्या ट्यूबलाइट बंद करायला लावायच्या. "आता डोळे मिटा. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत या वेळी काय पडलंय ते आठवा." आणि ती चाळीस-पन्नास माणसं, भाजी आणायची राहिलेली, मुलांची परीक्षा जवळ आलेली, डोळे मिटून आपापल्या खिडकीत जाऊन यायची. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नसायची, तिचा आवाज येत राहायचा. आत सगळे आपल्या घरी.

मंडळात ओळख करून द्यायची पद्धतही त्यांचीच. आडनाव, मजला, दिशा. "सावंत, तिसरा मजला, पूर्व." एवढं पुरे. नोकरी काय, मुलगा कुठे, याच्याशी बाईंना घेणं नव्हतं. सावंत मालवणकडचे, बाईंच्याच बाजूचे, त्यामुळे त्यांना जरा जास्त बोलणी खावी लागत.

"बाई, माझो मोगरो काय फुलत नाय."

"सावंत, पूर्वेची गॅलरी तुमची. पडदा कधी उघडता?"

"उठल्यावर."

"आणि उठता कधी?"

हॉल हसला. सावंतही हसले. पुढच्या मोसमात ते ओंजळभर मोगरा रुमालात बांधून घेऊन आले आणि बाईंच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "घ्या. झोपमोड झाली माझी."

गेटजवळच्या मोकळ्या जागेत बाग करायची ठरली तेव्हा कमिटीने परस्पर रंगीत लाद्या आणि कचऱ्यासाठी सिमेंटचा पेंग्विन आणला होता. सोळा प्रकारच्या झाडांची यादी मी केली होती. बाईंनी त्यातली तीन ठेवली. बाकीची जागा मोकळी. सगळे नाराज. बाई म्हणाल्या, "कागद पूर्ण रंगवला म्हणजे चित्र होत नाही गं. झाडाला झाडापासून थोडं लांब उभं राहू दे." आता तिथल्या बाकावर संध्याकाळी जागा मिळत नाही. पेंग्विन मात्र आहे अजून. त्याच्या तोंडात कुणी कचरा टाकत नाही, सगळे त्याच्याशेजारी टाकतात.

व्याख्यानाला न चुकता येणाऱ्यांत एक गायकवाड वहिनी. माणदेशातल्या. शेवटच्या रांगेत बसायच्या, चहाचे कप गोळा करायला मला मदत करायच्या. ओळखीची वेळ आली की "गायकवाड, तळमजला" एवढंच बोलून थांबायच्या. त्यांचं घर दोन इमारतींच्या फटीत, दिवसाही दिवा लागायचा. सुरुवातीलाच त्यांनी बाईंना विचारलं होतं, माझ्याकडे काय लावता येईल? बाईंनी सरळ सांगितलं, "तुमच्याकडे ऊन नाही हो वहिनी. जिवंत झाडाला उगाच कशाला मारायचं? तुम्ही ऐकायला येत जा." गायकवाड वहिनी तशा येत राहिल्या. मी एकदा विचारलं, घरात एक झाड नाही आणि तुम्ही खतावरचं भाषण काय ऐकता? त्या म्हणाल्या, "आमच्या गावाकडं ऊनच ऊन, झाड दिसायचं नाही. इथं आले तर हे असं. निदान कानावर तरी पडू दे."

मग बाईंच्या घराच्या पूर्वेची जुनी इमारत पाडली. निळे पत्रे लागले आणि टॉवर वर चढायला लागला. बाईंची गॅलरी म्हणजे आमच्या मंडळाची शाळा होती. कागदी लिंबू, अनंत, जास्वंद, कोपऱ्यात मिरच्या. सकाळचं ऊन त्यांच्या पोळपाटापर्यंत यायचं. टॉवरचा एकेक मजला वाढला तसा तो उजेड मागे सरला. बाई खडूने रेघा मारत होत्या. आधी पोळपाट सुटला, मग उंबरा, मग कुंड्यांची आतली रांग. अनंताच्या कळ्या न उमलताच गळायला लागल्या. बाई त्या उचलून वाटीत ठेवायच्या.

मी कामाला लागले. सोसायटीच्या गच्चीवर बाईंच्या कुंड्या हलवायच्या, हा माझा बेत. कमिटीचं म्हणणं, गळती होईल. मी प्लास्टिकच्या ताटल्या, लाकडी फळ्या, पाणी कोण कोणत्या वारी घालणार, सगळं मांडून दाखवलं. तीन बैठकांनंतर परवानगी मिळाली. मी धावत बाईंना सांगायला गेले.

"झाडं मजेत राहतील गं वर," बाई म्हणाल्या. "पण मला गच्चीचे जिने चढवत नाहीत. मी खाली बसून काय करू?"

मी परवानगीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मंडळात कुणाच्या घरी किती ऊन येतं ते बाईंना पाठ होतं. त्यांनी एकेक झाड नेमकं त्या त्या खिडकीत पाठवलं. अनंत सावंतांकडे, जास्वंद कांदिवलीला भाचीकडे, लिंबू माझ्याकडे. टाकी चार वाजता आडवी येते तेव्हा त्याला जरा कठड्याकडे सरकव, असं बजावून. गॅलरी रिकामी झाली. पुढच्या रविवारी व्याख्यानाला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी गेले तर म्हणाल्या, "ज्याच्या घरी ऊन नाही त्याने बागेवर काय बोलायचं? दुसरं कुणी बघ." गॅलरीचं दार लावलेलं होतं. आतला दिवा लावलेला होता, सकाळी दहा वाजता. मला भीती वाटली ती त्या दिव्याची. हे असंच चाललं तर बाई या घरात राहतील, पण बाई म्हणून उरणार नाहीत, असं वाटून गेलं.

हे मी चहाच्या वेळी गायकवाड वहिनींजवळ बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, एक दिवस माझ्याकडे बसायला या. खुर्ची टाकते."

बाईंना नाही म्हणता आलं नाही. मी त्यांना हाताला धरून घेऊन गेले. दिवा मालवून आम्ही तिघी बसलो. सकाळभर नुसता करडा उजेड, पाण्याखाली बसल्यासारखा. वहिनींनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. बाई खुर्चीत मागे टेकून होत्या, खडू पर्समध्येच. मी दोनदा घड्याळ पाहिलं. चारच्या सुमाराला समोरच्या भिंतीवर काहीतरी हललं. उन्हाचा एक लांबट तुकडा, कडा पातळ, मधे दाट. गल्लीत उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर पडलेलं ऊन आत येत होतं. बाहेर कुणी गाडीला टेकलं की तो तुकडा थरथरायचा, मग पुन्हा स्थिर व्हायचा. खोली हळूहळू मधाच्या रंगाची झाली.

बाई उठल्या. खडू काढून भिंतीकडे गेल्या.

"भिंतीवर नको हं बाई," वहिनी म्हणाल्या. "दिवाळीलाच रंग काढलाय."

बाईंचा हात तसाच राहिला. "किती वर्षं येतंय हे?"

"ही गाडी शेजाऱ्यांनी घेतल्यापासून. त्याच्या आधी समोरच्या पत्र्यावरून यायचं. थोडं उशिरा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही माझ्याकडं बसला कुठं होतात?" वहिनी म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. चहाला साखर किती, हे विचारावं तसं म्हणाल्या.

बाई खुर्चीवर परत बसल्या. भिंतीवरचा उजेड कपाटावर गेला, कपाटावरून बाबासाहेबांच्या तसबिरीच्या काचेवर, आणि विझला. बाईंनी खडू पर्समध्ये टाकला. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय लावावंसं वाटतं?"

"विड्याच्या पानाची वेल. आईला पान लागायचं माझ्या. गावात विकत आणावं लागायचं."

"लावा," बाई म्हणाल्या. "तिला ऊन नकोच असतं. हे मला माहीत होतं हो. मला माहीत होतं."

ती वेल गायकवाड वहिनींच्या खिडकीत गजावरून वर चढली, तळहाताएवढी पानं. पावसाळ्यात त्यांनी तिचं एक कांडं कापून ओल्या फडक्यात गुंडाळून बाईंकडे नेलं. त्यानंतर बाईंच्या गॅलरीचं दार पुन्हा उघडं दिसायला लागलं. आत वेल, नेचे, पुदिना, हिरव्याचे जितके प्रकार असतात तितके. मी गेले की बाई म्हणायच्या, "बघ, रंग कमी झाले तर किती दिसायला लागलं."

मंडळातही तोवर निम्म्या घरांचं ऊन कुठल्या ना कुठल्या टॉवरने खाल्लं होतं. पुढच्या व्याख्यानाचा विषय मी फळ्यावर लिहिला, 'सावलीतली बाग'. बाई आल्या आणि थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. ओळखीत म्हणाल्या, "दुसरा मजला, सावली." मग गायकवाड वहिनींना पुढे पाठवलं. वहिनी पहिल्यांदाच बोलत होत्या, पदराचं टोक हातात. पांढऱ्या भिंतीवरून उजेड कसा आत घ्यायचा, कुंडी वेळेप्रमाणे कशी फिरवायची, पाणी कमी का घालायचं. मध्येच त्यांना वाटलं बाई झोपल्या. त्या थांबल्या.

"बोला वहिनी," डोळे मिटूनच बाई म्हणाल्या. "मी तुमच्याच घरी आहे."

दोन वर्षांनी बाईंच्या गुडघ्यांनी दुसरा मजलाही नको म्हटलं. लिफ्ट आमच्याकडे नाही. कणकवलीजवळ भावाचं बैठं घर आहे, तिथे बाई गेल्या. सामान थोडं होतं, मी यादी केली, पण टिक करायला फारसं काही निघालं नाही. पानवेलीची एक कुंडी त्यांनी मांडीवर घेतली, ती टेम्पोत ठेवू दिली नाही. गायकवाड वहिनी गेटपर्यंत आल्या होत्या. गाडी वळेपर्यंत वहिनी उभ्या राहिल्या.

मागच्या आठवड्यात मी बाईंना फोन केला. अंगण मोठं आहे, दिवसभर ऊन असतं, हे त्यांच्या भावाने सांगितलं होतं. मी विचारलं, मग काय काय लावलंत?

"केळी," बाई म्हणाल्या. "नुसत्या केळी."

"आणि फुलझाडं? इतकं ऊन मिळालंय तुम्हाला."

"बघू मग. गायकवाडांची वेल इथल्या उन्हाला बिचकते गं. तिच्यासाठी आधी सावली लावतेय."

मी ते वहिनींना सांगितलं. त्या खिडकीत पानं पुसत होत्या. त्यांनी हातातलं पान पूर्ण पुसलं, मग म्हणाल्या, "केळी मोठ्या व्हायला वेळ लागंल."

"लागेल."

"लागू दे," वहिनी म्हणाल्या आणि दुसरं पान हातात घेतलं.