आमच्या गोठ्यातली भीमथडी

सुगी संपली की कागलजवळच्या आमच्या रानात खतासाठी धनगराची मेंढरं बसायची. मागून त्याची बायको घोडी घेऊन यायची. घोडीच्या पाठीवर भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं. एवढ्या बुटक्या जनावराला हे पेलतं कसं, याचं मला कोडं पडायचं. मी तेव्हा कॉलेजात होते.

"हिला खायला काय घालता?" मी एकदा विचारलं.

"आमी काय घालतुय? वाटंला मिळंल ते तीच खाती की," धनगरीण हसली.

नव्वदचं दशक सरता सरता त्यांनी टेम्पो घेतला. त्या वर्षी ती घोडीला आमच्या दारात घेऊन आली. वडिलांना म्हणाली, "दादा, बाजारात उभी करायला मन हुईना. तुमच्यात ऱ्हाऊ दे की." वडिलांनी ठेवून घेतली.

पुढं घोडी माजावर आली. शेजाऱ्याकडं शर्यतीचा उंचपुरा घोडा होता. वडील घोडी त्यालाच दाखवणार होते. मी आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिचे खूर उचलून पाहिले. "ही भीमथडी जातीची. टेम्पो आले तशी कमी होत चाललीय. त्या घोड्यापासून शिंगरू देखणं होईल, पण भीमथडी राहणार नाही."

भीमथडीची तट्टं मी इतिहासाच्या पुस्तकात वाचली होती. ती आमच्या गोठ्यात कडबा खात होती!

भीमथडी घोडा कुठं मिळेल, असं धनगरणीला विचारलं, तर नेसरीकडं तिच्या भावाच्या कळपातच तो निघाला. घोडी टेम्पोत काही केल्या चढेना, तेव्हा वडील तिला चालवतच घेऊन गेले. परतले ते लंगडत. "माझं पाय सुजलं," ते म्हणाले, "हिला बघ, काय झालंय व्हय?"

यथावकाश शिंगरू झालं, मादी. धनगरीण बघायला आली आणि बराच वेळ शिंगरापाशी बसून राहिली.

"हितं बांधून ठिवलीसा तर नुसती गुबगुबीत हुईल," ती म्हणाली. "वझं घिऊन चालायचं आईमागंच शिकती. आन् डोंगराच्या वाटंला आमचा टेम्पो चढत बी न्हाय. दोघींस्नी न्हेऊ का?"

मला नको होतं. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी स्वतःच घोडीचं दावं सोडलं.

घोडीवर पुन्हा वाकळा चढल्या. शिंगरू मोकळंच होतं. एकेका मेंढराला हुंगत, मागं पडलं की दुडक्या चालीनं आईला गाठत ते रस्त्याला लागलं.