आईंना दिसलेली पीच भिंत

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टर उडवली आहे... तेव्हा तुम्ही माझी उडवलीत तरी तक्रार नाही. मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. मोजून दाखवा, मग मानते — हा माझा खाक्या.

आमचा फ्लॅट बीड बायपासजवळ, सातारा परिसरात (सातारा जिल्हा नव्हे, आमच्या शहराचाच भाग). मागच्या दिवाळीआधी रंगकाम काढलं. ह्यांना ऑफ-व्हाइट हवा होता, नेहमीसारखाच! मी हट्टाने हॉलला पीच लावायला घेतला. काय रंग आहे हो तो! सकाळी कोवळा, दुपारी खुललेला, आणि दिवेलागणीला तर भिंतीने जवळ घेतल्यासारखं वाटतं. लाकडी दिवाण, पितळी समई, कोपऱ्यातलं मनी प्लांट, सगळंच त्यापुढे उठून दिसतं. ह्यांनीही शेवटी कबूल केलं, तोंड वाकडं करून का होईना.

काम चालू असतानाच सासूबाई करमाडहून आल्या. काचबिंदूने त्यांची नजर गेली ती माझी लेक मुक्ता जन्मायच्या आधीच. नातीचं तोंड त्यांनी कधी पाहिलेलं नाही. गावच्या घरात त्या भिंतीला हात लावत बिनधास्त फिरतात, इथं मात्र जागोजागी ठेचकाळतात. म्हणून दर खेपेला चार दिवसांत परत. "तुमच्यावर वझं नगं," हे पालुपद ठरलेलं. उन्हाळ्यात अंगणात पडल्या, तर कितीतरी वेळ कुणाला पत्ताच नव्हता. तेव्हापासून आमच्या जिवाला घोर.

त्या दुपारी पेंटर जेवायला गेले होते. आई खुर्चीतून उठल्या आणि सवयीने भिंतीकडे हात नेला.

"आई, रंग ओला आहे!" मी किचनमधून ओरडले.

हात भिंतीच्या अलीकडेच थांबला.

"वरडू नगं. दिसतंय मला."

मी लाटणं घेऊन तशीच बाहेर आले.

"पिकल्या पेरूच्या गरावानी हाय. जरा पिवळट. लई गोड रंग काढलास गं... पर हितं खाली एवढूसा का सोडलाय?"

वाकून पाहिलं, तर प्लगपाशी एक पट्टा खरंच राहून गेला होता!

"ओलं-कोरडं वासावरून कळलं असेल, बाकी पेंटरांच्या बोलण्यावरून," हे म्हणाले. मलाही तेच पटलं. पण भिंत वाळली, वास गेला, तरी आई हॉलमध्ये न चाचपडता चालायला लागल्या. मग मी माझ्या पद्धतीने तपासलं. पीच ओढणी डोळ्यांपुढे धरली — काही नाही. बेडरूमची भिंत — काही नाही. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "नस पूर्ण सुकली आहे. यांना काही दिसणं शक्य नाही."

"तुमच्या भितीला त्यो रंग नाय ना डाक्टर," आई म्हणाल्या. डॉक्टर हसले. मला मात्र हसू आलं नाही.

दिवाळी पाडव्याच्या सकाळी मुक्ता नवा फ्रॉक घालून हॉलमध्ये बागडत होती. दिवाणावर बसलेल्या आई एकदम म्हणाल्या, "मधी कोण हुभं हाय? रंग अडलाय तिथं."

"मी आहे, आजी."

"हलू नगं. जरा बाजूला वळ... व्हय, अशी."

कितीतरी वेळ त्या बघत होत्या. हो, बघतच होत्या!

"दोन येण्या हायत. एक वर, एक खाली. आन नाक... नाक तर आमच्याच घरचं!"

मुक्ताच्या वेण्या खरंच वरखाली होत्या, माझ्या घाईमुळे. मी तिथंच फरशीवर बसून रडले. लाज कसली त्यात.

संध्याकाळी आईंनी ह्यांना जवळ बोलावलं. "उद्या गावाकडं जा. घराला कुलूप लाव आन माझं कपड्यांचं गाठुडं घेऊन ये."

कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि खरं सांगते, मी शोधणंही सोडलंय. मुक्ता शाळेतून आली की आधी भिंतीपुढे जाऊन उभी राहते, मग दप्तर ठेवते.